भूक आणि तृप्ती : ओळख व नियमन



या स्मृतिव्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, संगीत अशा विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. त्या मालिकेत ‘भूक’ हा विषय काहींना फारच ऐहिक वाटेल. तरीही मी तो हेतुपुरस्सर निवडला आहे. शरीरक्रियाविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या काळात एक गोष्ट वारंवार ध्यानात आली : सुशिक्षित माणसाला हृदय, मूत्रपिंड, डोळा यांच्याविषयी थोडीफार माहिती असते, पण जी संवेदना दिवसातून तीनचार वेळा त्याला हाक मारते, तिच्याविषयी त्याने फारसा विचार केलेला नसतो.

हा विचार आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे दहा कोटी प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते आपल्या गोव्यात : २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांपैकी चारांत एकाहून अधिक. या सभागृहातील बहुतेक घरांत साखरेची गोळी घेणारे कोणी ना कोणी असेल. अशा वेळी ‘जिभेवर ताबा ठेवा’ एवढा उपदेश करून डॉक्टर आणि नातेवाईक मोकळे होतात. तो उपदेश बहुधा फसतो आणि फसल्याचा दोष मात्र रुग्णाच्या स्वभावावर येतो. उपदेश का फसतो आणि त्याच्या जागी काय करता येईल, हे आज मांडण्याचा प्रयत्न करणार आहे.

भाषेने केलेले वर्गीकरण

आपल्या भाषेने या बाबतीत बरेच काम आधीच करून ठेवले आहे. ‘कडकडून भूक लागली’ आणि ‘खाखा सुटली’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरत नाही. पोटात कावळे कोकलतात तेव्हा भूक असते. तोंडाला पाणी सुटते तेव्हा ती असेलच असे नाही. भूक मोडते, भूक मरते, भूक खवळते. हावरेपणा वेगळा, वखवख वेगळी आणि जिभेचे चोचले आणखी वेगळे. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण तर खऱ्या भुकेची कसोटीच सांगते : जी भूक कोंड्यावरही भागते ती खरी.

आयुर्वेदातही असाच विवेक आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जे तेरा शारीरिक वेग दाबू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत क्षुधा आहे. त्याच अध्यायात जे वेग आवरून धरावेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत लोभ आहे. क्षुधा दाबू नये, लोभ आवरावा. या दोन सूचना शेजारीशेजारी ठेवणाऱ्या ग्रंथकाराला दोहोंतील भेद स्पष्ट दिसत होता. आपली अडचण अशी की, प्रत्यक्ष ताटावर किंवा डब्याशी उभे असताना आपल्याला हा भेद ओळखू येत नाही. त्यासाठी भूक कोठे उत्पन्न होते हे समजून घेतले पाहिजे.

भुकेचे स्थान कोणते?

सामान्य उत्तर ‘पोट’ असे आहे आणि विज्ञानाचेही पहिले उत्तर तेच होते. १९१२ साली अमेरिकेतील हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन यांचा विद्यार्थी वॉशबर्न याने रबरी फुगा गिळला. फुग्याला जोडलेल्या नळीतून जठराच्या हालचालींची नोंद होत होती आणि भुकेची कळ आली की वॉशबर्न कळ दाबत असे. दोन्ही नोंदी जुळल्या. रिकामे जठर आकुंचन पावते तेव्हा भुकेची कळ येते, असे ठरले.

परंतु हे उत्तर अपुरे होते. शस्त्रक्रियेने जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते. १९५१ साली बी. के. आनंद या भारतीय शास्त्रज्ञाने अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासह उंदरांवर प्रयोग केले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचा विशिष्ट अंश नष्ट केला की उंदीर समोरच्या अन्नाला तोंड लावीनासा होई. हेच आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञान विभागाचे पहिले प्रमुख झाले. भुकेचा निवाडा मेंदूत होतो, हे त्यांच्या कामाने ठळक झाले.

मग मेंदूला वार्ता कोण देते? १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. हे संप्रेरक शरीरातील चरबीच तयार करते. साठा पुरेसा आहे, हा त्याचा मेंदूला निरोप. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन शोधले. हे मुख्यतः जठरात तयार होते, जेवणापूर्वी रक्तात वाढते आणि जेवणानंतर उतरते. याखेरीज अन्न आतड्यात उतरू लागले की आतड्याची अस्तरत्वचा आणखी काही संप्रेरके सोडते. त्यांचा निरोप ‘आता पुरे’ असा असतो. जठर ताणले गेल्याची खबर मज्जातंतूंतून वर जाते. या साऱ्या खबरी एकाच वेळी पोचत नाहीत. जेवायला बसल्यापासून तृप्तीची जाणीव चांगली स्थिर व्हायला साधारणपणे पंधरावीस मिनिटे लागतात. ज्याचे जेवण सात मिनिटांत आटोपते, त्याचे ताट रिकामे झाले तरी मेंदूकडे अजून निम्मीच बातमी पोचलेली असते.

शरीर दुष्काळ विसरत नाही

आता आपण उपदेश का फसतो या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे हे त्यांना ठरवायचे होते. या तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले गेले. रोजचा आहार सुमारे दीड हजार कॅलरींच्या आसपास होता आणि त्यासोबत भरपूर चालणे. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले.

त्यांच्या मनाचे जे झाले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. चळवळी, वाचन, मैत्री यांतला त्यांचा रस आटला. बोलणे, स्वप्ने, दिवास्वप्ने सारी अन्नाभोवती फिरू लागली. स्वयंपाकात कधी लक्ष न घातलेले तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ताटे चाटून पुसली जात. प्रयोग संपल्यावर पोट भरूनही त्यांपैकी अनेकांची भूक कित्येक आठवडे शमली नाही. हे तरुण तत्त्वनिष्ठ होते. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देऊन त्यांनी हा त्रास स्वेच्छेने पत्करला होता. त्यांच्या निर्धारात खोट काढता येणार नाही.

ध्यानात घ्या : आज ‘झटपट वजन घटवा’ म्हणून जे आहार सुचवले जातात, त्यांतील कित्येक या प्रयोगातील आहारापेक्षाही तुटपुंजे असतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली असे दाखवले की, दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन घटवलेल्या माणसांच्या शरीरात भूक वाढवणारी संप्रेरके वर्षभरानंतरही चढलेली आणि तृप्तीची संप्रेरके उतरलेली होती. शरीराला वजन घटणे म्हणजे दुष्काळ वाटतो. ते दुष्काळाशी झुंजते. म्हणून एकदम निम्मे जेवण तोडणारा माणूस महिन्याभराने दुप्पट खाऊ लागतो, तेव्हा तो निर्लज्ज झालेला नसतो. त्याचे शरीर त्याला वाचवू पाहत असते.

अलीकडे आलेल्या औषधांनीही हेच सिद्ध केले आहे. आतड्यातील तृप्तीच्या एका संप्रेरकाची नक्कल करणारी इंजेक्शने २०२५ सालापासून वजन घटवण्यासाठी भारतातही मिळू लागली. ज्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नाचा विचार घोळत असे, अशी माणसे ती घेतल्यावर सांगतात की तो घोळ थांबला. स्वभाव इंजेक्शनाने बदलत नाही, रसायन बदलते. मात्र औषध थांबवल्यावर घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश वजन वर्षभरात परत येते, असेही २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्यांना ही औषधे आवश्यक आहेत त्यांनी ती घ्यावीत. परंतु सवयींचा प्रश्न त्यांनी संपत नाही.

घड्याळ, डोळे आणि आठवण

भूक केवळ आतून येत नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. अन्नाची सूचना मिळताच त्यांना लाळ सुटे. आपणही या शाळेत वेगळे नव्हतो. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोटात खड्डा पडे. रविवारी त्याच वेळी मैदानावर खेळताना तो पडत नसे. शरीर वेळ शिकते. ज्या वेळेला आपण रोज खातो, त्या वेळेच्या आधी जठर घ्रेलिन सोडू लागते. दुपारी चार वाजता रोज कचोरी खाणाऱ्याला चार वाजता भूक लागेल. ती भूक खोटी नाही, पण शिकवलेली आहे. आणि शिकवलेली गोष्ट बदलता येते.

डोळ्यांचीही भूक असते. पंगतीत पोट भरल्यावर भात नको होतो, पण श्रीखंडाला जागा निघते. याचे कारण शास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांनी १९८० च्या दशकात मांडले : तृप्ती एकेका चवीपुरती येते. एकच पदार्थ खाताना त्याची गोडी उतरत जाते, नवा पदार्थ आला की ती पुन्हा जागी होते. म्हणून लग्नाच्या मांडवात पंचवीस पदार्थ मांडलेले असले की साधारण माणूसही रोजच्या दीडपट जेवतो. लोभाला येथे शरीराचाच दुजोरा मिळतो.

तिसरी गोष्ट स्मरणाची. १९९८ साली पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या दोन रुग्णांना दुपारचे जेवण दिले. काही मिनिटांनी पुन्हा तेवढेच जेवण समोर ठेवले. त्यांनी ते खाल्ले. कारण आधीचे जेवण त्यांना आठवत नव्हते. तृप्तीत आठवणीचा वाटा असतो, असा याचा अर्थ. दूरदर्शन पाहत किंवा हातातल्या फोनवर बोट फिरवत जेवणारा माणूस स्वतःला थोडासा असाच रुग्ण करून घेतो. जेवण पोटात जाते, पण स्मरणात जात नाही.

आणि चौथी गोष्ट अन्नाच्या घडणीची. २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना एका संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार केलेले, अतिप्रक्रिया झालेले अन्न आणि दोन आठवडे साधे घरगुती धाटणीचे अन्न दिले. दोन्ही आहारांत साखर, स्निग्धांश, मीठ, तंतू यांचे प्रमाण जुळवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पहिल्या प्रकारात लोकांनी रोज सुमारे पाचशे कॅलरी अधिक खाल्ल्या आणि त्यांचे वजन वाढले. हे अन्न मऊ असते, भराभर गिळले जाते, तृप्तीची खबर पोचण्याआधी संपते. पुडीतले चिप्स किंवा बिस्किटांचा पुडा आपण ‘थोडेसे’ म्हणून उघडतो आणि तो का संपतो, याचे उत्तर येथे आहे.

आपला देह थोडा वेगळा

पाश्चात्त्यांचे प्रयोग आपल्याला तंतोतंत लागू पडतील काय, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर मोलाचे काम केले आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली नवजात बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर, म्हणजे इंग्लंडमधील बाळांहून बरीच हलकी असतात. परंतु त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक असते. याज्ञिकांनी २००४ साली आपला आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. चरबीचे प्रमाण मात्र याज्ञिकांचे २१.२ टक्के, युडकिन यांचे ९.१ टक्के.

म्हणून ‘मी तर सडपातळ आहे, मला काय होणार’ हा आपल्याकडील समज धोक्याचा आहे. भारतीय पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ऐंशीच्या आत असावी, असा आपल्यासाठीचा संकेत आहे. वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप उपयोगी पडते. त्यात आपल्या ताटाची भर. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून व साखरेतून येते, प्रथिने तुटपुंजी असतात. भात-पोळीने पोट लवकर फुगते आणि लवकर रिकामे वाटते. दोन तासांनी पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते, त्याचे मूळ पुष्कळदा सकाळच्या ताटात असते.

नियमनाचे उपाय

आता व्यवहाराकडे वळू. पुढील सूचना कोणत्याही घरात पाळता येतील अशा आहेत.

पहिली गोष्ट ओळखीची. काही खावेसे वाटले की स्वतःला विचारावे, ‘या क्षणी साधी भाकरी आणि पालेभाजी समोर आली तर मी ती खाईन काय?’ उत्तर ‘हो’ असेल तर भूक खरी. ती दाबू नये, जेवावे. ‘भाकरी नको, पण शेव असेल तर चालेल’ असे मन म्हणाले, तर ती इच्छा आहे. खरी भूक हळूहळू चढते, इच्छा अकस्मात येते आणि एका विशिष्ट पदार्थाचे नाव घेऊन येते. अशा वेळी पाणी प्यावे आणि दहापंधरा मिनिटे दुसऱ्या कामात घालवावीत. बहुतेक इच्छा तेवढ्या वेळात ओसरतात. कंटाळा, काळजी, एकटेपणा यांनाही आपण भूक समजतो. त्यांवरचा उतारा बोलण्यात, चालण्यात किंवा झोपेत असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. सकाळी घाईत उपाशी निघून दुपारी तीन वाजता अन्नावर तुटून पडण्यात संयम नाही. भूक खवळण्याच्या आधीच जेवावे.

तिसरी गोष्ट ताटाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दररोज सुमारे चारशे ग्रॅम भाज्या आणि शंभर ग्रॅम फळे सुचवली आहेत. आपले जुने ताट आठवा : डावीकडे कोशिंबीर व चटणी, उजवीकडे भाजी व उसळ, मध्ये वरणभात. घटक सगळे आहेत. प्रमाण तेवढे बदलायचे. कोशिंबीर चमचाभर न वाढता वाटीभर वाढावी, वरण पातळ न करता घट्ट करावे, उसळ सणावारापुरती न ठेवता रोजची करावी, दही-ताक असावे, चालत असेल त्यांनी अंडे किंवा मासा घ्यावा. आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ खाऊन मग पोळी-भाताकडे वळल्यास जेवणानंतरची रक्तातील साखर कमी चढते, असे २०१५ च्या एका छोट्या पण नेटक्या प्रयोगात दिसले आहे. यासाठी एक पैसाही अधिक लागत नाही. क्रम तेवढा बदलावा लागतो.

चौथी गोष्ट पेयांची. प्यालेल्या कॅलरींची पोट नीट दखल घेत नाही. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला सुमारे चाळीस ग्रॅम. वर्षाचा हिशेब साडेचौदा किलो होतो. एवढी साखर पोत्यातून काढून समोर मांडली तर आपण घाबरू. कपातून ती निमूटपणे आत जाते. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत गेल्यास जीभ तक्रार करत नाही.

पाचवी गोष्ट झोपेची. २००४ साली शिकागो येथे बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले आणि त्यांना गोड, खारट, पिष्टमय पदार्थ अधिक हवेसे वाटू लागले. परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलांच्या आणि रात्रपाळी करणाऱ्या प्रौढांच्या खाण्याकडे या दृष्टीने पाहावे.

सहावी गोष्ट उपवासाची. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, तूप, वर गोड रताळे घातले की उपवासाच्या नावाने रोजच्याहून जड जेवण होते. उपवास करायचाच तर फळे, ताक, दाणे, राजगिरा यांवर मोजका करावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपवास करू नये. त्यांना अकस्मात भूक लागून घाम सुटला, हात थरथरले, डोके भ्रमिष्ट झाल्यासारखे वाटले, तर ती भूक संकटाची घंटा असते. रक्तातील साखर धोकादायक उतरलेली असू शकते. रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. तेथे संयमाचा विचार करू नये.

सातवी गोष्ट आपल्या शहराची. इंदूरच्या माणसाला खाण्याचे वर्ज्य सांगणे म्हणजे नर्मदेला वाहू नको म्हणण्यासारखे आहे. सकाळचे पोहे-जलेबी, हिवाळ्यातले गराडू, भुट्ट्याचा कीस, सराफ्यात दागिन्यांची दुकाने मिटल्यावर सुरू होणारी खाद्ययात्रा हा आपल्या सांस्कृतिक जीवनाचा भाग आहे. तो सोडा असे मी म्हणणार नाही. सराफ्यात जायचे त्या रात्री घरी जेवून जाऊ नये, चौघांनी दोन पदार्थ वाटून घ्यावेत, उभ्या उभ्या न गिळता चव घेऊन खावे आणि ही यात्रा महिन्यातून एकदोनदा असावी. रोजची झाली की तिची गोडीही जाते. तसेच घरच्या पंगतीत आग्रह एकदाच करावा. पाहुण्याने ‘पुरे’ म्हटल्यावर त्याच्या तृप्तीचा मान राखणे हेही आतिथ्यच आहे.

मुले आणि वृद्ध

शाळेच्या वास्तूत बोलत असल्यामुळे मुलांविषयी दोन शब्द. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९२० आणि १९३० च्या दशकांत पंधरा बालकांना अनेक महिने स्वतःचे अन्न स्वतः निवडू दिले. समोर तीसहून अधिक पदार्थ असत. बालके कधी एखाद्या पदार्थावर तुटून पडत, कधी त्याला शिवत नसत. पण एकूण सारी सुदृढ वाढली. यातील मर्म डेव्हिस बाईंनीच सांगितले आहे : मांडलेले सर्व पदार्थ साधे आणि नैसर्गिक होते. काय मांडायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने. ‘ताटात काही टाकायचे नाही’ ही शिकवण अन्नाच्या आदरातून आली आहे आणि तो आदर राहिलाच पाहिजे. त्यासाठी आधी थोडे वाढावे आणि मागितल्यावर पुन्हा द्यावे. भरलेले ताट धाक घालून संपवायला लावले, तर मूल पोटाचे ऐकणे सोडून ताटाचे ऐकायला शिकते. मुलीला, मुलाला जाडीवरून टोचून बोलणे तर पूर्णतः टाळावे. त्यातून चोरून खाणे किंवा खाणेच सोडणे, असे दोन्ही अनर्थ ओढवतात.

वृद्धांची गोष्ट उलटी आहे. वयपरत्वे भूक आणि तहान दोन्ही मंदावतात. वास आणि चव उतरतात, दात साथ देत नाहीत, एकट्याने जेवावेसे वाटत नाही. येथे भुकेची वाट पाहू नये. घड्याळ पाहून थोडे थोडे, पण प्रथिनयुक्त खावे. सहा महिन्यांत वा वर्षभरात प्रयत्न न करता वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ‘वय झाले’ म्हणून न सोडता डॉक्टरांना दाखवावे. शक्य असेल तेथे घरातल्या कोणी तरी आजी-आजोबांच्या ताटाशेजारी आपले ताट मांडावे. माणूस सोबतीने अधिक जेवतो, आणि वृद्धांच्या बाबतीत तेच हवे असते.

शेवटी दुसऱ्याच्या भुकेविषयी

येथवर मी जिच्याविषयी बोललो ती पुरेसे अन्न असलेल्यांची भूक. पण आपल्याच देशात दुसरीही भूक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. आणि त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. याज्ञिकांच्या अभ्यासाकडे पुन्हा पाहिले तर या दोन आकड्यांचा सांधा लागतो. अर्धपोटी मातेच्या उदरात वाढलेले बाळ पुढे सुबत्तेत आले की मधुमेहाला अधिक बळी पडते. एका पिढीची उपासमार पुढच्या पिढीच्या रक्तात साखर होऊन उतरते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. २०२० साली अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने असा नियम केला की, अतिस्निग्ध, अतिगोड आणि अतिखारट पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात व फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकले जाऊ नयेत. नियम कागदावर आहे. तो अमलात येण्यासाठी शाळेला पर्याय हवा. या शाळेच्या मधल्या सुट्टीत उकडलेले हरभरे, शेंगदाण्याचा लाडू, केळे, ताक असे काही अल्प दरात मिळेल आणि ज्याच्या डब्यात काही नाही त्याला ते न विचारता मिळेल, एवढी व्यवस्था आपण वर्गणीतून उभी करू शकतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांचे स्मारक दगडामातीचेच असावे असे नाही.

व्याख्यानानंतर अल्पोपाहाराची व्यवस्था आहे, असे मला संयोजकांनी सांगितले आहे. खरी भूक लागली असेल त्यांनी तो अवश्य घ्यावा. ज्यांना लागली नसेल त्यांनी चहाबरोबर गप्पा माराव्यात.